फूल गोठून मेलं, हे ओळखायचं कसं?

किती उणे तापमानात फूल मरतं, हा प्रश्न वरवर थर्मामीटरचा वाटतो. खरी अडचण निराळी होती. गोठलेली पाकळी मेलेली असो की जिवंत, लागते कडकच; ती काळवंडते बर्फ वितळल्यावर. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात युलिउस झाक्स यांच्यासारख्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचाही कल असा होता, की जीव जातो तो वितळताना.

उत्तर एका फुलानेच दिलं. ब्रेस्लाऊचे (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश ग्योपर्ट यांनी कॅलँथी या ऑर्किडची पांढरी फुलं गोठवून पाहिली. या फुलांत इंडिकन नावाचं रंगहीन द्रव्य असतं. पेशी मेली, की आतली वेगवेगळी ठेवलेली रसायनं एकत्र येतात आणि इंडिकनची नीळ बनते. फुलं वितळण्याआधीच, गोठलेल्या स्थितीतच निळी पडली. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग हाच.

पण इंडिकन मोजक्याच फुलांत असतं. सगळ्यांना लागू पडेल अशी खूण १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डेक्स्टर या संशोधकाला आणि सहकाऱ्यांना सापडली, तीही लसूणघासाच्या मुळांवर काम करताना. गारठ्याने पेशीपटल निकामी झालं, की आतले क्षार पाण्यात झिरपतात आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढते. पाकळ्यांची सहनशक्तीही आज याच पद्धतीने मोजता येते. निम्मे नमुने दगावतात त्या तापमानाला ‘एलटी५०’ म्हणतात.

पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, हीही एक खूण. १९७४ मध्ये अझेलिया या फुलझुडपाच्या हिवाळी कळ्यांवर ती वापरली गेली. कळीतल्या प्रत्येक इवल्या फुलातलं पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही द्रवच राहतं, मग एकाएकी गोठतं. तापमानाच्या आलेखावर तेवढाच छोटा उंचवटा उमटतो, आणि ते फूल तिथेच संपतं.

बागायतदारांचं काम मात्र साध्या ब्लेडवर चालतं: कळी आडवी चिरायची, मधला स्त्रीकेसर तपकिरी झाला असेल तर ती गेली. पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलांसाठीचे रूढ आकडे असे: अर्धा तास उणे २.२ अंश सेल्सिअसला सुमारे १० टक्के फुलं जातात, उणे ३.९ ला ९० टक्के. कोरडं, स्वच्छ फूल मात्र याहूनही खाली न गोठता तग धरू शकतं. त्यामुळे प्रयोगशाळेत गोठणं सुरू व्हावं म्हणून नमुन्याला आधी बर्फाचा कण टेकवतात आणि मगच तापमान हळूहळू उतरवतात.