मुलाला ऑटिझम आहे: कोल्हापुरात दाखला, थेरपी आणि निरामय विमा कसा मिळवायचा

हाक मारली तरी मूल वळत नाही, आलेले चार शब्दही बंद झाले, असं दिसलं की घरातली मंडळी म्हणतात, "बोलेल की, त्याचा बाबाबी उशिराच बोललाय." ऐकून घ्या, पण तपासणी पुढं ढकलू नका. थेरपी सुरू करायला दिव्यांग दाखला लागत नाही, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं आणि दाखल्याची वाट बघण्यात महिने जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. चंदगड, शाहूवाडीकडच्यांनी आधी तिथंच मूल दाखवावं, तारीख अंगणवाडीताईंकडं कळते. पथक पुढं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे अशा मुलांच्या तपासणी-उपचाराच्या सरकारी केंद्राकडं पाठवतं. शहरातल्यांनी थेट सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) बालरोग विभागात चौकशी करावी.

दाखल्याचा अर्ज

दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज एकच, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. घरून भरा नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून. मुलाचं आधार कार्ड, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि आजवरच्या उपचारांचे कागद जवळ ठेवा. जन्मदाखला आणि आधार यांतलं नाव जुळतंय का, ते आधी बघा. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. केंद्रवाल्याचा दिला तर पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं जाईल. रुग्णालय म्हणून सीपीआर निवडलं तर अर्जाची प्रत घेऊन मुलासह तिथं जावं लागतं.

ऑटिझमची मोजणी आयएसएए या 40 प्रश्नांच्या भारतीय मोजपट्टीवर होते. नजरेला नजर देतो का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो का, आवाजानं बिथरतो का, अशा गोष्टींना गुण दिले जातात आणि त्यावरून टक्केवारी ठरते. बरीचशी उत्तरं पालकांकडूनच घेतात. ओपीडीच्या गर्दीत मूल एक तर कोपऱ्यात गप्प बसतं, नाहीतर रडून गोंधळ घालतं, आणि दोन्हींतून घरातलं चित्र कळत नाही. म्हणून जेवताना, खेळताना, हट्ट करताना असे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. "तसं सगळं ठीक आहे हो" असं संकोचानं सांगू नका. ती टक्केवारी कागदावर उतरते. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के लागतात. लहान मुलांचा दाखला अनेकदा मुदतीचा असतो, ती तारीख लिहून ठेवा.

दाखला हातात आला की प्रकाराच्या रकान्यात काय लिहिलंय ते तिथंच वाचा. नुसतं 'वाचा व भाषा दोष' असेल तर निरामय विमा मिळणार नाही. तो राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे आणि न्यासाच्या योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांपुरत्याच आहेत. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं.

निरामय

न्यासाचा हा आरोग्य विमा वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आहे. माझ्या मते, पालकांनी सोडू नये अशी ही योजना, कारण इतर विमा कंपन्या सहसा टाळतात ती ओपीडी आणि थेरपी यात ठरावीक मर्यादेत बसते. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 250 रुपये, इतरांना 500. दाखला, आधार, बँक पासबुक आणि असल्यास बीपीएलचा पुरावा लागतो. अर्ज न्यासाकडं नोंद असलेल्या संस्थेमार्फत करता येतो. खर्च आधी आपण करायचा, मग परतावा. त्यामुळं डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ बिलं सांभाळा. वर्ष 31 मार्चला संपतं, नूतनीकरण त्याआधी.

शाळेसाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. ज्या मुलांना शाळेत येणं जमत नाही त्यांच्यासाठी घरी शिकवण्याची सोयही समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात. ग्रामसेवकांकडं लेखी मागणी द्या, पोच घ्या.

मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची झाली की आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पालकत्वाचा अर्ज राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडं करायचा असतो. कोल्हापूरचं जिल्हाधिकारी कार्यालय नागाळा पार्कात आहे. बँक खातं, वारसा, जमिनीचे कागद अडायच्या आत हा अर्ज टाका.