माहीमचा नोव्हेना

मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी होणारी कॅथलिक प्रार्थना. निरंतर साहाय्य माता या नावाने येशूची आई मरिया हिला केलेली ही सामूहिक विनवणी असते. आजारपण, बेकारी, मूल नसणे, जागेची अडचण, दारूपायी मोडत चाललेला संसार अशी गाऱ्हाणी घेऊन भाविक सलग नऊ बुधवार येतात.

नऊ या आकड्याचे मूळ बायबलमध्ये आहे. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंत शिष्य आणि मरिया माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते; ते मधले दिवस नऊ धरतात. माहीमला दिवसांच्या जागी बुधवार आले. प्रार्थना वर्षभर चालूच असते, ज्याने त्याने आपली मोजणी हव्या त्या बुधवारी सुरू करावी. नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला हे झेपते. नोव्हेना मुंबईत एवढा रुजला त्याचे निम्मे श्रेय या सोयीला द्यायला हरकत नाही.

चर्च सोळाव्या शतकातले, पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थापलेले. आजची इमारत मात्र १९७३ ची. वसई मोहिमेच्या धामधुमीत, १७३९ साली, वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) मूर्ती इथे आसऱ्याला आली आणि १७६१ पर्यंत राहिली. नोव्हेना त्या मानाने अलीकडचा. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी बेलफास्टमध्ये अशी साप्ताहिक प्रार्थना पाहिली आणि ८ सप्टेंबर १९४८ रोजी, मरियेच्या जन्मदिनाच्या सणाला, ती माहीमला सुरू केली. त्या दिवशी बुधवारच होता.

निरंतर साहाय्य मातेच्या ज्या चित्रापुढे ही प्रार्थना होते त्याची मूळ प्रत रोममध्ये आहे. १८६६ साली पोप नववे पायस यांनी ती रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक धर्मसंघाकडे सोपवली आणि तिची भक्ती जगभर नेण्यास सांगितले. चित्रात मायकल आणि गॅब्रिएल हे देवदूत भाला, क्रूस, खिळे अशी येशूच्या पुढच्या दुःखसहनाची साधने धरून आहेत. ती पाहून दचकलेल्या बाळाने आईचा हात घट्ट धरला आहे. त्याच्या पायातली एक चप्पल निसटून लोंबते आहे. आई बाळाकडे पाहत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहते. नवस बोलायला आलेल्याला हे चित्र आपले का वाटते, हे वेगळे सांगायला नको.

बुधवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत एकामागून एक प्रार्थना होतात. इंग्रजीबरोबर मराठी, कोकणी, हिंदीतही. प्रार्थना, गीते, प्रवचन, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद असा क्रम. पण नोव्हेनाचा खरा गाभा पत्रांत आहे. भाविक विनंतीची आणि आभाराची पत्रे लिहून देतात, त्यांतली काही सर्वांसमोर वाचली जातात. कुणाला नोकरी लागली, कुणाची गाठ साधी निघाली, कुणी नवरा-बायको पुन्हा बोलू लागले. ही पत्रे साक्ष म्हणून वाचतात, पुरावा म्हणून नव्हे. चमत्कार ठरवायची कॅथलिक चर्चची पद्धत वेगळी आणि फार सावकाश आहे. आजार बरा होवो न होवो, घरात दडवलेले दुःख अनोळखी माणसांत मोठ्याने उच्चारले जाते आणि शेकडो जण त्यासाठी आमेन म्हणतात. इथल्या ‘गुण येण्या’त याचा वाटा मोठा आहे, हा अर्थात श्रद्धेबाहेरून केलेला हिशोब झाला.

चर्चबाहेर मेणबत्त्या, हार आणि मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात. जे दुखते किंवा जे हवे, त्याची मेणाची प्रतिकृती वाहायची ही रीत मोत माउलीकडेही आहे. येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी पुष्कळ. मंगळवारी सिद्धिविनायक आणि बुधवारी माहीम असा वारांचा नेम पाळणाऱ्या मुंबईकराला त्यात विसंगती वाटत नाही. चर्चही प्रार्थनेला येणाऱ्याचा धर्म विचारत नाही. मिस्साबलिदानातील, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतील, पवित्र भाकर तेवढी कॅथलिकांनाच दिली जाते.