संरचना-अभियांत्रिकी सॉफ्टवेअरच्या पोर्टेबल आवृत्त्या

इमारती, पूल, शेड यांचे विश्लेषण आणि डिझाइन करणारी स्टॅड-प्रो, ईटॅब्स, सॅप२००० यांसारखी सॉफ्टवेअर रीतसर इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून थेट चालावीत, अशा बेताने बांधलेल्या प्रतींना पोर्टेबल आवृत्ती म्हणतात. विद्यार्थी आणि लहान आरसीसी (सळ्या घातलेले काँक्रीट) कन्सल्टंटांची कार्यालये हा त्यांचा मुख्य ग्राहकवर्ग.

पोर्टेबल असणे हा स्वतःहून दोष नव्हे. फ्रीकॅड या आरेखनाच्या मोफत सॉफ्टवेअरची पोर्टेबल प्रत त्याचे निर्माते स्वतःच देतात. ईटॅब्स किंवा स्टॅड-प्रोचा परवाना मात्र संगणक, डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली), सर्व्हर किंवा वापरणाऱ्याच्या खात्याशी जोडलेला असतो. त्यामुळे त्यांची पोर्टेबल प्रत म्हणून जे हातोहात फिरते, ते बहुधा क्रॅकच, म्हणजे परवान्याची तपासणी मोडलेली प्रत, असते.

अशी प्रत बनवताना सॉफ्टवेअर बसवण्याआधीची आणि नंतरची संगणकाची स्थिती थिनॲपसारख्या, सॉफ्टवेअरचे गाठोडे बांधणाऱ्या साधनाने टिपली जाते. दोहोंतला फरक, म्हणजे नव्या फाइली आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या) नोंदी, थेट चालणाऱ्या एकाच एक्झी फाइलमध्ये कोंबला जातो. परवाना तपासणारी डीएलएल (प्रोग्रॅमची सहायक फाइल) त्याआधीच बदललेली असते. आणखी काय बदलले, काय गाळले, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ ही सोबतची सूचना पाळली, की मालवेअरला दार उघडेच मिळते आणि कार्यालयातली सगळी ड्रॉइंग पणाला लागतात.

व्हायरसचा धोका निदान लोकांना माहीत असतो. बिनबोभाट चालणारी प्रत मला अधिक घातक वाटते. ६ मीटरच्या साध्या टेकूंवरच्या बीमवर मीटरला २० किलोन्यूटन भार दिला, तर कमाल नमन आघूर्ण (बीम वाकवणाऱ्या परिणामाचे माप) ९० किलोन्यूटन-मीटर येते. पोर्टेबल प्रतही तेच दाखवते आणि वापरणारा निर्धास्त होतो. पण या चाचणीत भूकंपाची कलमे, भार-संयोग (निरनिराळे भार एकत्र धरण्याचे नियम) किंवा पोलादी सेक्शनचे तक्ते यांना हातही लागलेला नसतो.

शिवाय ही प्रत बनली त्या दिवशीच गोठते. आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या सुधारणेनुसार काँक्रीटच्या इमारतीचे विश्लेषण करताना तडे गृहीत धरून स्तंभांचा जडत्व आघूर्ण (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे छेदावरून काढलेले माप) अखंड छेदाच्या ७० टक्के आणि बीमचा ३५ टक्के घ्यावा लागतो. त्याआधीच्या प्रतीत २००२ चेच मानक असते. पडद्यावर ‘आयएस १८९३’ एवढेच वाचून पुढे जाणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. कंपन्या दर सुधारित आवृत्तीबरोबर दुरुस्त केलेल्या चुकांची यादी देतात. त्यातल्या काही थेट उत्तरांवर परिणाम करणाऱ्या असतात. ती दुरुस्ती पोर्टेबल प्रतीपर्यंत पोचत नाही.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते. डिझाइनची जबाबदारी मात्र सही करणाऱ्या अभियंत्याचीच. विकत घेतलेल्या प्रतीबाबतही कंपनी उत्तरांची हमी देत नाही. ती अभियंत्याने स्वतंत्रपणे पडताळावीत, असे मॅन्युअलमध्येच छापलेले असते.

शिकणाऱ्यांसाठी स्टॅड-प्रोची कंपनी बेंटली हिचे शैक्षणिक परवाने आहेत. दुसरा पर्याय ओपनसीसचा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात घडलेले हे सॉफ्टवेअर भूकंप-विश्लेषणाच्या संशोधनात जगभर वापरले जाते. त्याला माऊसने चालणारा पडदा नाही, मॉडेल ओळीओळीने लिहावे लागते. अनेकजण तिथेच कंटाळतात.