‘तीस सेकंदांपर्यंत गाणं फुकट’ असा कायदाच नाही

व्हिडिओला ‘तीस सेकंदांपेक्षा कमी गाणं लावलं तर कॉपीराइट लागत नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. कुणी तीसऐवजी पंधरा सांगतं, कुणी सात. कायद्यात यातला एकही आकडा नाही.

ज्या ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय करता येणाऱ्या रास्त वापराचा, हवाला दिला जातो, ती तरतूद अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १०७मध्ये आहे. त्यात चार गोष्टी एकत्र तपासतात: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती आणि कोणता भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजाराला बसणारा फटका. पाच सेकंदांच्या धूनमध्येही गाण्याचा सगळा जीव असू शकतो. उलट, चाल उलगडून दाखवणारा समीक्षक त्याहून मोठा तुकडा ऐकवूनही नियमात बसू शकतो.

‘क्राफ्टवर्क’ या जर्मन बँडच्या ध्वनिमुद्रणातला जेमतेम दोन सेकंदांचा ठेका उचलल्याचा वाद थेट युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला. न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं की तुकडा कितीही छोटा असला, तरी तो कानाला ओळखू येत असेल तर तत्त्वतः निर्मात्याची परवानगी हवी.

‘गाण्याचे हक्क माझे नाहीत’ असं खाली लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही. शिवाय परवानग्या बहुधा दोन लागतात, एक रचनेची आणि दुसरी ध्वनिमुद्रणाची. गाणं स्वतः गाऊन टाकलंत तरी पहिली उरतेच.

व्हिडिओत दुसऱ्याचं गाणं सापडलं की हक्कधारकाच्या वतीने दावा लावणारी यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा फक्त आवाज आणि दृश्यं जुळवते, हेतू जोखत नाही. त्यामुळे तुमचा वापर रास्त असेल, तर दाव्यावर हरकत जरूर नोंदवा.