कौटुंबिक डिजिटल छायाचित्रांचे जतन

घरातील डिजिटल छायाचित्रांच्या एकाहून अधिक प्रती राखणे आणि माणसे, स्थळ व काळ यांच्या नोंदींसह ती पुढील पिढीच्या हाती जातील अशी व्यवस्था लावणे. याचे बॅकअप आणि संग्रहण असे दोन भाग पडतात. बॅकअपमुळे फाइल वाचते. फोटोत कोण आहे, तो कुठला व कधीचा, हे संग्रहणामुळे कळते. पहिल्याची काळजी पुष्कळ घेतली जाते, दुसरे राहून जाते.

प्रतींबाबत ३-२-१ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन माध्यमे, एक प्रत घराबाहेर. त्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांना देतात व काळ २००५ च्या सुमाराचा मानतात. तथापि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची रीत संगणक केंद्रांत चुंबकीय फितींच्या काळापासून होती. त्यामुळे क्रोग यांनी जुनीच रीत छायाचित्रकारांसाठी सूत्रबद्ध केली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘दोन माध्यमे’ म्हणजे दोन निराळी तंत्रे की दोन स्वतंत्र उपकरणे, याविषयीही एकवाक्यता नाही. घरी दुसरा अर्थ पाळला तरी पुष्कळ साधते. सिंक (सर्व उपकरणांवरील फाइली आपोआप एकसारख्या ठेवणे) म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवरून पुसलेला फोटो बहुधा क्लाउडवरूनही जातो.

तारखेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९९५ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्झिफ मानकामुळे चित्रणाची वेळ फाइलमध्येच नोंदली जाते. त्यात मूळ चित्रणाचा आणि डिजिटल रूपांतराचा असे दोन वेगळे रकाने आहेत. १९७८ चा कागदी फोटो २०२४ मध्ये स्कॅन केला, तर पहिल्यात १९७८ आणि दुसऱ्यात २०२४ हवे. पहिला रकाना हाताने भरला नाही, तर आजीच्या लग्नाचा फोटो अल्बममध्ये नातवंडांच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात पाठवलेल्या चित्राचे आकारमान घटते आणि या नोंदीही गळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास सहसा टिकतात. संग्रहासाठी म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी.

डिस्क बदलताना प्रती चेकसमने, म्हणजे फाइलमधील माहितीवरून गणिताने काढलेल्या अंकाने, पडताळतात; दोन्हींचा अंक जुळला तर प्रत अचूक मानतात.

खातेदाराच्या मृत्यूनंतर संग्रह वारसांना मिळावा यासाठी गूगलने २०१३ मध्ये, तर ॲपलने २०२१ मध्ये सोय केली. ती खातेदाराने हयातीतच करून ठेवावी लागते.