आतड्यांच्या दाहविकारातील वांशिक फरक

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन रोग हे आतड्यांचे दोन दीर्घकालीन दाहविकार आहेत. ते कोणाला अधिक होतात, आतड्याचा कोणता भाग धरतात आणि कोणाला कोणते औषध किती मात्रेत सोसते, या तिन्ही बाबतींत जनसमूहांनुसार फरक पडतो.

अश्केनाझी ज्यूंमध्ये हे विकार शेजारच्या इतर लोकांपेक्षा दुपटी-चौपटीने आढळतात. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत क्रोन रोग गुदद्वाराभोवती भगंदर करण्याकडे अधिक झुकतो. भारतीयांत कोलायटिसचे पारडे जड आहे. हे ‘गोऱ्यांचे आजार’ ही समजूत आपल्याकडे फार काळ टिकली. पण पंजाबातल्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे लाखामागे ४४.३ रुग्ण सापडले.

हा फरक जनुकांचा की राहणीचा, याचे उत्तर स्थलांतरितांकडून मिळते. इंग्लंडमधील लेस्टर शहरात हिंदू आणि शीख कुटुंबांत कोलायटिसचे प्रमाण युरोपीय रहिवाशांहून जास्त निघाले, क्रोनचे मात्र कमी. म्हणजे एकाच शहरात राहूनही वंशाचा फरक उरतो. पण वंश तोच राहून देश बदलला की आजाराचे प्रमाण बदलते, म्हणजे आहार, जंतुसंसर्ग, प्रतिजैविके यांसारख्या गोष्टींचा वाटा मोठा असणार. लेस्टरचे हे लोक मुख्यतः गुजराती आणि पंजाबी मुळांचे. ‘दक्षिण आशियाई’ या एका शिक्क्याखाली ते आकडे मराठी माणसाला जसेच्या तसे लावू नयेत.

जनुकांचा हात अर्थातच आहे. २००१ मध्ये क्रोनशी जोडले गेलेले एनओडी२ हे पहिले जनुक. त्यातले युरोपीयांत आढळणारे तीन मुख्य बदल जपानी, चिनी आणि कोरियन रुग्णांत जवळपास नाहीतच. तिथे टीएनएफएसएफ१५ या जनुकाचे वजन जास्त. तरीही धोक्याची बहुतेक जनुकस्थाने सर्व वंशांत सामाईक आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा फरक ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा. नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १२० ते १५० मिलिग्रॅम. युरोपीयांत हे औषध न सोसण्याचे, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक घटण्याचे, कारण बहुधा टीपीएमटी जनुकात असते. पूर्व आशियाई आणि भारतीयांत ते अधिक वेळा एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकात सापडते. म्हणून केवळ टीपीएमटीची तपासणी ठीक आल्यावर निर्धास्त होणे भारतीय रुग्णाला महागात पडू शकते. एनयूडीटी१५ची एक प्रत सदोष असल्यास नेहमीच्या मात्रेच्या ३० ते ८० टक्क्यांपासून सुरुवात करतात. दोन्ही सदोष असल्यास या आजारासाठी हे औषध टाळतात. तपासणी शक्य नसेल तर ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी. दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यांनी गळू लागले, घसा दुखून ताप आला, तर औषध थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्यात.

भारतात दुसरा घोळ क्षयाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन दोन्ही लहान आतड्याच्या शेवटी आणि सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, बसतात. आडवे व्रण, या दोन आतड्यांमधली उघडी पडलेली झडप, पोटातले पाणी, सीटी स्कॅनमध्ये मध्यभाग कुजलेल्या लसिकाग्रंथींच्या गाठी हे क्षयाकडे बोट दाखवतात; लांबट उभे व्रण, मधूनमधून निरोगी पट्टे आणि भगंदर क्रोनकडे. क्षय ओळखायचा राहून स्टेरॉइड सुरू झाले तर तो पसरतो. इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात ती याच भीतीने. निदान अडले की क्षयाची औषधे देऊन साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करतात. ताप उतरला, भूक लागली एवढ्यावर क्षय ठरवू नये, कारण क्रोनच्या रुग्णालाही या औषधांवर काही काळ बरे वाटते. व्रण भरले का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. ते न पाहता कोर्स पूर्ण होऊ दिला, तर खऱ्या क्रोनचे उपचार लांबतात आणि आतडे अरुंद होत जाते.