युजरस्पेस फाइल सिस्टिम

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलबाहेर, म्हणजे गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रॅमच्या रूपात चालणारी फाइल सिस्टिम (फाइली ठेवण्याची व शोधण्याची व्यवस्था). फाइल उघडण्याची वा वाचण्याची मागणी कर्नल या प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि आलेले उत्तर मागणाऱ्याला पोचवतो. प्रोग्रॅम कोसळला तरी यंत्र सहसा चालू राहते.

उगमाबाबत एकमत नाही. इतिहास बहुधा लिनक्सवरील 'फ्यूज'पासून सांगतात. मिक्लोश सेरेदी यांचे हे काम एव्हीएफएस प्रकल्पातून निघाले व २००५ मध्ये २.६.१४ या कर्नलमध्ये दाखल झाले. पण बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणि ग्नू हर्ड या दुसऱ्या सिस्टिमच्या 'ट्रान्सलेटर' प्रोग्रॅममध्ये हीच कल्पना १९९० च्या दशकात दिसते. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवण्याची पद्धत) सर्व्हरचे सोंग घेऊन स्वतःच्याच यंत्राला उत्तरे देणारे ऑटोमाउंटर (गरज पडताच फाइल सिस्टिम आपोआप जोडणारे प्रोग्रॅम) त्याच सुमाराचे, कदाचित किंचित आधीचे असावेत. फ्यूजकडे प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

मॅकवर अमित सिंग यांनी गूगलमध्ये असताना २००७ मध्ये मॅकफ्यूज आणले. ते कर्नल एक्स्टेन्शनवर, म्हणजे कर्नलला जोडायच्या कोडवर, अवलंबून होते. पुढे ॲपलने अशा एक्स्टेन्शनवर निर्बंध आणले, तेव्हा फ्यूज-टी या पर्यायाने एनएफएसचे ते जुनेच सोंग पुन्हा घेतले. ॲपलची स्वतःची सोय म्हणजे एफएसकिट. विंडोजवर डोकन व विनएफएसपी आहेत. नेटबीएसडी या युनिक्स-वंशाच्या सिस्टिमवर पफ्स आहे.

कोड एका सिस्टिमवरून दुसरीवर नेताना नावे त्रास देतात, मराठी नावे तर जास्तच. पैठण ते नांदेड गोदाकाठच्या छायाचित्रांचे फोल्डर 'किनाऱ्यावरील देवळे' या नावाने ठेवले, तर त्यातील 'ऱ' एरवी यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइटांचा एकच संकेत असतो. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिममध्ये तो 'र' आणि नुक्ता असा फुटून सहा बाइट होतो. तसेच्या तसे लिनक्सवर उतरवले की यादीत नाव अगदी बरोबर दिसते, पण टाइप करून उघडू गेल्यास सापडत नाही. फ्यूजच्या लिबफ्यूज लायब्ररीचे आयकॉन्व्ह मॉड्यूल वाटेत हे रूपांतर करू शकते. लांबीचाही पेच आहे. लिनक्सच्या एक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट, म्हणजे मात्रा व हलन्त धरून देवनागरीची ८५ चिन्हे मिळतात, तर विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हे. गाव, तालुका, गट क्रमांक, खातेदार असे सगळे नावातच कोंबलेली फाइल विंडोजवर निमूट राहते आणि लिनक्सवर उतरत नाही.

वेगाबाबत टीका जुनी आहे. कर्नल व प्रोग्रॅम यांच्यातील येरझाऱ्या महाग पडतात. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये अशा फाइल सिस्टिमांना खेळणीच ठरवले. तरीही लिनक्सवर एनटीएफएसचे पेन ड्राइव्ह लिहिण्याचे काम वर्षानुवर्षे फ्यूजवर चालणाऱ्या एनटीएफएस-३जीनेच केले. कर्नलमधला पूर्ण पर्याय २०२१ मध्ये, ५.१५ आवृत्तीत आला.